सही आमची, कोड कपाटात



गावात कुठलंही सरकारी काम निघालं, मग ती पाण्याची टाकी असो, अंगणवाडी असो की आश्रमशाळेचं वसतिगृह, त्याच्या कागदात एक ओळ असतेच : 'काम संबंधित आय.एस. कोडप्रमाणे करावे.' वाचणारा ही ओळ वाचतो आणि पुढे जातो. पुढे रकमेचा आकडा असतो, सगळ्यांचं लक्ष तिकडे. आमचं म्हणणं असं की यापुढे या ओळीवर थांबायचं. कारण या एका ओळीच्या मागे आख्खं पुस्तक उभं आहे. त्या पुस्तकाला कायद्याचा जोर आहे, आणि ते पुस्तक गावात कुणी पाहिलेलं नाही.

आय.एस. म्हणजे भारतीय मानक. दिल्लीत भारतीय मानक ब्युरो नावाची सरकारी संस्था आहे, ती हे मानक ठरवते. सिमेंटच्या गोणीवर, गॅसच्या टाकीवर, नळयोजनेच्या काळ्या पाइपावर तिचा आयएसआयचा शिक्का तुम्ही रोज बघता. शिक्क्याच्या वर एक नंबर असतो. काळ्या पाइपावर आयएस ४९८४ असतो, तो त्या पाइपाच्या मानकाचा नंबर. पाइप किती जाड पाहिजे, किती दाब सोसला पाहिजे, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००. काँक्रीटचं आयएस ४५६. घरातल्या वायरिंगचं आयएस ७३२. शाळा, दवाखाने, मोठ्या इमारती यांच्यासाठी राष्ट्रीय इमारत संहिता आहे, ती तर जाडजूड ग्रंथच.

सुरुवातीला मानक म्हणजे नुसता सल्ला असतो. पाळा, बरं होईल, एवढंच. पण मग सरकार आदेश काढतं की अमुक वस्तू मानकाप्रमाणेच विकली पाहिजे. ठेक्याच्या करारात अट येते. कोर्ट निकाल देतं. असा तो सल्ला हळूहळू कायदा होऊन बसतो. सल्ला विकत मिळत असेल तर ज्याला पाहिजे त्याने घ्यावा. पण कायदा विकत घ्यायचा?

हे नुसतं बोलणं नाही. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग छपराला लागली आणि नव्वदहून जास्त लहान पोरं जळून मेली. त्यावर जनहित याचिका झाली. १३ एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की देशातल्या सरकारी आणि खाजगी, सगळ्या शाळांनी राष्ट्रीय इमारत संहितेतले सुरक्षेचे नियम पाळलेच पाहिजेत. म्हणजे आपल्या आश्रमशाळांनीही. चांगला निकाल आहे. पण ही संहिता काही वर्षांपूर्वीपर्यंत ब्युरोकडे १३ हजार रुपयांच्या वर किमतीला मिळत होती. तेंदूपत्त्याचा आख्खा हंगाम घातला तरी एका घराला ते पुस्तक परवडलं नसतं. ज्या बापाची पोरगी त्या वसतिगृहात झोपते, त्याने तिची खोली नियमाप्रमाणे आहे का हे बघायचं कसं?

आणि त्या पुस्तकात असतं तरी काय? आम्ही मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं की तिथे सगळं गणितच असणार. त्यात असं आहे की बाहेर पडायचं दार खोलीच्या बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. म्हणजे गर्दी दारावर आली तरी दार लोटलं जातं, आत अडकत नाही. आणि असं आहे की आतल्या माणसाला ते दार चावीशिवाय उघडता आलं पाहिजे. झालं. हे समजायला इंजिनियर लागतो का? आपल्या भागातल्या किती वसतिगृहांना रात्री बाहेरून कुलूप असतं, हे ज्याचं त्याने आठवावं. कुलूप लावणारा म्हणतो, मुलींच्या सुरक्षेसाठी लावतो. त्याला उत्तर द्यायला आपल्या हातात नियम पाहिजे. नुसती काळजी दाखवून अधीक्षक कुलूप काढत नाही.

तिकडची गोष्ट राहू द्या, टाकीची सांगतो. आमच्या भागातल्या एका पाड्यावर पेसाच्या ५ टक्के निधीतून पाण्याची टाकी झाली. स्लॅब पडला चैताच्या उन्हात. ठेकेदाराच्या माणसाने दोन दिवस पाणी मारलं आणि तो गेला दुसऱ्या कामावर. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा एक म्हातारी बाय म्हणाली, "नागलीच्या रोपाला आमी यापरीस जास्त पाणी घालतो." सगळे हसले. साहेब पण हसले. मग एकाने विचारलं, साहेब, पाणी किती दिवस मारायचं असतं? उत्तर आलं, कोडप्रमाणे मारलंय. कोड दाखवा. तर म्हणे तो ऑफिसला आहे, विकत घ्यावा लागतो, तुम्हाला समजणार नाही, इंग्रजीत आहे. आणि कागद पुढे सरकवला : निधी योग्य कामी खर्च झाला, सही करा.

तो कोड आम्ही नंतर मिळवला, डिक्शनरी घेऊन बसलो. आयएस ४५६ मध्ये साफ लिहिलंय. साध्या सिमेंटचं काँक्रीट घातल्या दिवसापासून कमीत कमी ७ दिवस सतत ओलं ठेवायचं. राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर कमीत कमी १० दिवस. आणि हवा कोरडी, गरम असेल तर कुठलंही सिमेंट असो, १० दिवसांच्या खाली यायचं नाही. आता चैत महिना कोरडा आणि गरम आहे हे सांगायला कुठल्या साहेबाची गरज नाही. दहाच्या जागी दोन दिवस. ती म्हातारी बरोबर बोलत होती, फक्त तिच्याजवळ पान नव्हतं.

पेसा कायदा काय म्हणतो ते आपल्या शिबिरांत पाठ झालेलं आहे. १९९६ च्या त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे की पंचायतीने केलेल्या खर्चाचं विनियोग प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावं लागेल. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये आहे की शाळा, दवाखाना, अंगणवाडी, विजेची लाईन, पाण्याची पाइपलाईन अशा कामांना एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ झाडांच्या आत तोड करता येते, पण ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे जमीन देताना आपली सही, पैसा खर्च झाल्यावर आपली सही. आणि मधलं काम ज्या नियमाने व्हायचं तो नियम बघायचा अधिकार कुणाचा? तिथे मात्र 'तुम्हाला समजणार नाही'. न वाचलेल्या कागदावर अंगठा घेऊन सावकाराने आपल्या आज्यांच्या जमिनी नेल्या. फरक काय राहिला?

आपल्यातलेच काही जण म्हणतात, अरे दाव्यांचं बघा, पट्टे अजून अपुरे आहेत, सातबारावर नाव नाही, आणि हे पोरगे कोडच्या मागे लागले. त्यांचा राग आम्ही समजतो. पण जरा आठवा. वन खात्याचा कायदा १९२७ चा. तो आपल्या आज्यांनी कधी वाचला होता? गार्ड सांगेल तो नियम, गार्ड मागेल तो दंड, वर कोंबडा. २००६ चा वनहक्क कायदा मराठीत गावात आला, पाड्यावर बसून मोठ्याने वाचला, तेव्हाच गार्डाला विचारता आलं की कुठल्या कलमाने अडवतोस. कायदा हातात आला तेव्हा जमिनीची लढाई पुढे सरकली. टाकी, तार आणि शाळा त्याच जमिनीवर उभ्या राहताहेत.

न छापलेल्या कायद्याबद्दल आपल्या सुप्रीम कोर्टाने फार आधी सांगून ठेवलंय. खटला आहे हारला विरुद्ध राजस्थान सरकार, निकाल १९५१ चा. जयपूर संस्थानात मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूचा कायदा मंजूर केला. मंजूर केला आणि ठेवून दिला. ना राजपत्रात छापला, ना दवंडी दिली. पुढे कितीतरी वर्षांनी हारला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली पकडलं आणि ५० रुपये दंड केला. हारला लढत लढत दिल्लीपर्यंत गेला. कोर्ट म्हणालं, जो कायदा लोकांना माहीत होण्याची काही सोयच केली नाही, त्या कायद्याने लोकांना शिक्षा करणं न्यायाला धरून नाही. बंद खोलीत ठराव करून कायदा होत नाही, तो लोकांसमोर आला पाहिजे. हारलाची शिक्षा रद्द झाली. ५० रुपयांच्या दंडासाठी माणूस एवढा झगडला, आम्हाला तर त्याचं फार कौतुक वाटतं.

आता कुणी म्हणेल, कोड तर छापलेला असतो, पैसे देऊन मिळतो, लपवलेला थोडाच आहे. पण दाराला कुलूप घालून किल्ली विकायला ठेवली तर दार उघडं आहे असं म्हणायचं का? राजपत्रात जे छापून येतं ते कुणीही पुन्हा छापू शकतो, कॉपीराइटचा कायदाच तशी मोकळीक देतो. पण वीज सुरक्षेचे नियम वाचत गेलं की मधेच येतं, 'भारतीय मानक ब्युरोच्या संहितेप्रमाणे', आणि तिथे वाट संपते. त्या पुढचं पान राजपत्रात नाही, ब्युरोकडे आहे. ब्युरोच्या २०१६ च्या कायद्याचं कलम ११ म्हणतं की ब्युरोच्या परवानगीशिवाय मानक किंवा त्याचा भाग कुणी छापायचा नाही. स्वतःपुरती एक प्रत काढता येते. गावाला वाटता येत नाही. म्हणून तर या लेखात आम्ही काँक्रीटचा नियम आमच्या शब्दांत सांगितला. मूळ पान स्टेन्सिलवर चढवलं असतं तर गावाला नियम सांगितला म्हणून आम्हीच नियम मोडणारे ठरलो असतो!

यावर भांडलेली माणसं आहेत, आणि ती ओळखायला हवीत. कार्ल मालामुद नावाचा एक अमेरिकन माणूस आहे, गांधींना मानणारा. त्याने आपल्या देशाची १८ हजारांच्या वर मानकं मिळवून इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली. ब्युरोने हरकत घेतली. तेव्हा त्याने आणि दोन भारतीयांनी २०१५ साली दिल्ली हायकोर्टात याचिका टाकली. दोघांपैकी एक श्रीनिवास कोडाली, आणि दुसरे सुशांत सिन्हा, ज्यांनी इंडियन कानून ही साइट काढली. आपले कार्यकर्ते कोर्टाचे निकाल मोबाईलवर फुकट वाचतात ते तिथूनच. मालामुदने ठेवलेल्या भारतीय मानकांच्या पहिल्या पानावर राजस्थानच्या मजदूर किसान शक्ती संघटनेची घोषणा आहे, जानने का अधिकार, जीने का अधिकार. हे वाचून आम्हाला बरं वाटलं. त्या संघटनेने गावागावात बिलं आणि हजेरीपट मागितले, १९९६ ला ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं, त्यातून पुढे माहितीचा अधिकार आला. तेव्हा हजेरीपट 'ऑफिसचा कागद' होता, आज कोड 'ऑफिसचा कागद' आहे.

अमेरिकेतही हेच भांडण आहे. तिथे टेक्सास राज्यात अ‍ॅना आणि सॅव्हॉय म्हणून दोन लहान गावं आहेत. त्यांनी एका खाजगी संस्थेने लिहिलेली इमारत संहिता आपल्या गावचा कायदा म्हणून स्वीकारली. पीटर व्हीक नावाच्या माणसाने तो कायदा इंटरनेटवर टाकला, तर संस्था म्हणाली, आमचा कॉपीराइट आहे. २००२ साली तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं, गावाचा कायदा झाला की तो लोकांचा, तो सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. तिथे नियम लिहिणारी संस्था खाजगी होती, तरी असा निकाल. आपल्याकडे तर लिहिणारं ब्युरोच सरकारी आहे.

ब्युरो बाजूने जे बोललं जातं तेही ऐकून घेऊ. मानक बनवायला खर्च येतो, पुस्तक विकून तो भागवायचा. पण ब्युरोची मोठी कमाई पुस्तक विकून होत नाही, कंपन्यांना शिक्का वापरायचा परवाना देऊन होते. म्हणजे गोणी विकत घेताना आपण त्या शिक्क्याचे पैसे भरलेलेच असतात.

आणि हेही खरं सांगायला पाहिजे की आता ब्युरोने भारतीय मानकं त्यांच्या साइटवर फुकट उतरवून घ्यायची सोय केली आहे. ही चांगली गोष्ट झाली, नाही कशाला म्हणायचं. म्हणूनच तर टाकीवाल्या पाड्याला आयएस ४५६ मिळालं. कॉलेजात जाणाऱ्या पोराने तालुक्याच्या गावी जाऊन ते उतरवलं, पाड्यावर रेंज नाही. आधी नाव, ईमेल देऊन खातं उघडावं लागलं. उतरवलेल्या कागदावर त्याचंच नाव छापून आलं, म्हणजे हा कागद दुसऱ्याला दिलास तर कळेल, असा त्याचा अर्थ पोराने घेतला आणि तो जरा घाबरलाच. परदेशी संस्थांकडून जशीच्या तशी घेतलेली मानकं अजून पैशानेच मिळतात. बहुतेक सगळं इंग्रजीत आहे. आणि छापून वाटायला बंदी ती बंदीच. ही सोय मेहरबानी म्हणून दिलेली आहे, हक्क म्हणून नाही, आणि मेहरबानी उद्या काढून घेता येते. आपण जमिनीच्या बाबतीत हे पुरतं अनुभवलंय. कसू देतो म्हणणं वेगळं आणि पट्टा देणं वेगळं.

कारखान्यातल्या कामगारांसाठी १९४८ च्या कायद्यात एक गोष्ट होती. कायद्याचा सारांश कामगारांना समजणाऱ्या भाषेत, येण्याजाण्याच्या वाटेवर लावलेला पाहिजे. तेव्हा सरकारला हे सुचलं होतं. मग आश्रमशाळेच्या भिंतीवर मराठीत चार ओळी का लागू शकत नाहीत? दार कुठल्या बाजूला उघडायचं, चावी कुणाला लागता कामा नये, बाहेर पडायची वाट कुठली. टाकीवर पाण्याच्या तपासणीचा आकडा का नाही? आयएस १०५०० प्रमाणे एका लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. चंद्रपूर, यवतमाळकडे फ्लोराइडच्या पाण्याने दात आणि हाडं गेलेली गावं आहेत. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट येतो तेव्हा त्यात एक आकडा असतो, पण कुठल्या आकड्याच्या वर विष, हे माहीत नसेल तर तो रिपोर्ट फाइलला लावायच्याच कामाचा.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना 'कॉपीराइट आहे' म्हणून नकार आला तर गप्प बसू नका. त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये कॉपीराइटचं कारण सांगून अर्ज नाकारता येतो, पण कधी, तर तो कॉपीराइट सरकार सोडून दुसऱ्या कुणाचा असेल तर. ब्युरो सरकारीच आहे, हे अपिलात लिहा. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. कोड आख्खा मागू नका, पाचशे पानांचं बिल लावतील. तुमच्या कामाला लागू असलेला नंबर आणि तेवढीच पानं मागा.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या गटाच्या गावांनी एकच ठराव घ्यायचं ठरवलंय. कामाच्या अंदाजपत्रकात ज्या ज्या मानकाचा नंबर आहे त्याची लागू पानं, मराठीत अर्थ सांगून, काम सुरू व्हायच्या आधी ग्रामसभेच्या दप्तरात आली पाहिजेत. ती आल्याशिवाय विनियोग प्रमाणपत्राचा विषय पत्रिकेवर घेतला जाणार नाही. ठरावाचा मसुदा संघटनेच्या ऑफिसात आहे, हाताने उतरवून न्या. टाकीवाल्या पाड्याने सही अजून दिलेली नाही. स्लॅबच्या खालच्या बाजूला ओल दिसायला लागली आहे, त्याचे फोटो त्यांनी तारखेसकट काढून ठेवलेत, आणि पुन्हा मोजमापाला येणाऱ्या साहेबांसमोर आयएस ४५६ चं ते पान वाचायचं काम त्या म्हातारीच्या नातीकडे दिलंय. ती अकरावीला आहे, इंग्रजी बरं वाचते.